गोळी नेमकी कधी सुरू केली?

अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप, असा पेशंट त्वचारोग वॉर्डात आला की सोबतचे लोक ठामपणे सांगतात, "परवा तापाची गोळी दिली ओ सिस्टर, तिच्यानंच झालं." शेवटची गोळी आठवणीत ताजी असते, त्यामुळं संशय तिच्यावर जातो. पण गंभीर रिॲक्शनमध्ये ती बहुतेक वेळा निर्दोष निघते. ताप, घसा खवखवणं, डोळ्यांची आग ही रिॲक्शनचीच पहिली पायरी असते आणि कातडीवर काही दिसायच्या एक ते तीन दिवस आधी ती येऊन जाते. घरचे तिला साधा ताप समजतात, मेडिकलमधून गोळी आणतात, दुसऱ्या दिवशी अंगावर उठतं आणि आळ त्या गोळीवर येतो. खरी गोळी तीन आठवड्यांपूर्वी फिटसाठी नाहीतर युरिक ॲसिडसाठी सुरू झालेली असते, आणि वॉर्डात भरती झाल्यावरही उशाखालच्या पिशवीतून ती चालूच राहते. म्हणून आमचं निम्मं काम तारखा काढण्याचं असतं.

कोणती रिॲक्शन किती दिवसांनी उमटते याचे अंदाज बऱ्यापैकी पक्के आहेत. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अचानक ॲलर्जी, काही मिनिटांत येतो, फार तर एक-दोन तासांत. काखेत, जांघेत लाली येऊन तिच्यावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्यांचा थर उठतो, त्या रिॲक्शनला 'एजेप' म्हणतात. ती बहुधा १ ते ४ दिवसांत येते आणि औषध बंद केलं की आठवड्या-दोन आठवड्यांत साल निघून मिटते. अंगाची आणि तोंड-डोळ्यांची साल निघणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचंच भयानक रूप असलेलं टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे 'टेन', यांना पहिल्या गोळीपासून ४ ते २८ दिवस लागतात. 'ड्रेस' सगळ्यात सावकाश येते, २ ते ८ आठवड्यांनी. पुरळ, रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी आणि लिव्हर-किडनीसारख्या आतल्या अवयवांना इजा, हे तिघं त्यात एकत्र असतात.

या हिशेबाचा उलटा उपयोगही होतो. दहा वर्षं रोज घेतलेली बीपीची गोळी टेनच्या यादीतून जवळजवळ बाद होते. पहिल्यांदाच घेतलेली आज सकाळची गोळीही बाद. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. तेच औषध पूर्वी घेऊन अंगावर उठलेलं असेल, तर दुसऱ्या खेपेला आठवडे लागत नाहीत. एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतही रिॲक्शन येते आणि पहिल्यापेक्षा जोरात येते.

संशयित औषधंही साधारण ठरलेलीच आहेत. युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, जे झायलोरिक नावानं ओळखलं जातं. फिटसाठीचं कार्बामाझेपिन म्हणजे टेग्रिटल, फेनिटॉइन म्हणजे एप्टॉइन, शिवाय फिनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन. सल्फावर्गातलं कोट्रायमोक्साझोल म्हणजे सेप्ट्रान, आणि सल्फासालाझिन. एचआयव्हीच्या उपचारातलं नेव्हिरापिन. पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅमसारख्या वेदनाशामक गोळ्या. कुष्ठरोगाच्या पाकिटातली डॅप्सोनची रोजची गोळी सुरू झाल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ आणि कावीळ आली, तर ती ड्रेसचीच बहीण समजावी. टीबीच्या उपचारात चार औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळं चौघांतलं कोण ते सांगणं अवघड जातं.

यातली फिटची औषधं नुसती फिटसाठीच दिली जातात असं नाही. चेहऱ्याच्या शिरेच्या कळा मारतात म्हणून कार्बामाझेपिन मिळतं. डोक्याला मार लागला किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं की फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन मिळतं. पेशंटला "फिटची गोळी घेता का?" विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण त्याला फिट कधी आलेलीच नसते. ॲलोप्युरिनॉलबद्दल तर आमचं स्पष्ट मत आहे. सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, नुसत्या हेल्थ चेकअपच्या रिपोर्टात युरिक ॲसिड थोडं वर दिसलं, एवढ्यावर ही गोळी सुरू करायचं कारण नसतं. द्यायचीच असेल तर दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून, आणि किडनी अधू असेल तर त्याहून कमी डोसपासून हळूहळू चढायचं. थेट ३०० नं सुरुवात केली की धोका वाढतो. लॅमोट्रिजिनचंही तसंच: पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०. सोबत व्हॅलप्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर सुरुवात २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड. मध्येच पाच-सहा दिवस गोळी बंद पडली, तर पुन्हा पहिल्या पायरीवरून चढावं लागतं. गावी गेलो, गोळ्या संपल्या, आल्यावर चालू केल्या, अशा गडबडीत ही पायरी सुटते.

तारखांचा तक्ता आम्ही साध्या कागदावर आखतो. कागद आडवा धरायचा, वर तारखा लिहायच्या. ज्या दिवशी पहिलं लक्षण आलं तो दिवस शून्य. इथं पहिलं लक्षण म्हणजे पुरळ नव्हे. ताप, तोंड येणं, डोळ्यांची आग यांतलं जे आधी आलं ते. शून्य दिवस पुरळावर धरला की सगळा हिशेब दोन-तीन दिवस सरकतो आणि निर्दोष गोळी खिडकीत, म्हणजे संशयाच्या दिवसांत, येऊन बसते. मग शून्यापासून मागं आठ आठवडे जायचं. प्रत्येक औषधाची एक आडवी रेघ: कधी सुरू, कधी बंद, डोस किती, कशासाठी, पूर्वी कधी घेतलं होतं का. शरीरात जास्त दिवस रेंगाळणाऱ्या औषधांची रेघ शेवटच्या गोळीपाशी थांबवायची नाही, पुढं तुटक ओढायची. फिनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन अशी आहेत. किडनी कमजोर असेल तर ॲलोप्युरिनॉलसुद्धा.

रेघा भरायला माहिती लागते आणि ती एका बैठकीत मिळत नाही. सोलापुरात पेशंट तीन भाषांतून येतात. पूर्व भागातल्या विडी कामगार बायका तेलुगूत मोकळ्या बोलतात, अक्कलकोट, इंडी, आळंदकडची मंडळी कन्नडमध्ये. मराठीत विचारलं की "हो, नाही" एवढंच येतं. त्यांच्या भाषेतला कुणी वॉर्डबॉय, सिस्टर नाहीतर शेजारच्या कॉटवरच्या मावशी मदतीला घेतल्या की पाचव्या मिनिटाला नवीन गोळी निघते. "औषध काय घेता?" हा प्रश्न कुचकामी ठरतो. औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं, असं लोक धरून चालतात. म्हणून एकेक विचारावं लागतं. अंगदुखीची गोळी? झोपेची? शेजारणीनं दिलेली? वारीत पाय दुखले म्हणून कॅम्पातून घेतलेली? डोळ्यांत टाकायचे थेंब? सांधेदुखीची पुडी? काढा, चूर्ण, भस्म? सलाईन लावलं होतं का, त्यात काय सोडलं? सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध दिलं होतं का?

सांधेदुखीच्या पुडीवर नाव नसतं आणि आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. ती आम्ही संशयित म्हणून वेगळी बांधून ठेवतो. सुट्या गोळ्यांचा घोळ निराळा. मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधून चार कापून देतो. नाव पट्टीवर तिरकं छापलेलं असतं, त्याचा एक तुकडा पेशंटकडं आणि उरलेला दुकानात. अशा वेळी नातेवाइकाला परत गावी पाठवायची गरज नाही. घरी जो असेल त्याला सगळी औषधं ताटात ओतून दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगायचं. मेडिकलच्या नंबरावर फोन लावून तारखेनुसार बिल विचारायचं. बिलावरची तारीख पेशंटच्या "झाले की पंधरा-वीस दिवस" पेक्षा जास्त भरवशाची.

तक्ता पुरा व्हायची वाट पाहत कुठलंही संशयित औषध चालू ठेवायचं नाही. खिडकीत बसणारी आणि जिवासाठी अत्यावश्यक नसलेली सगळी औषधं पहिल्याच तासात बंद. इन्सुलिन, थायरॉइडची गोळी चालू राहते. फिटचं औषध बंद करताना मात्र फिट येऊ नये म्हणून लगेच दुसरं लावावं लागतं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी लेव्हेटिरासेटाम वापरतात. औषध जितकं लवकर थांबतं तितका जगण्याचा संभव वाढतो, विशेषतः शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत. पुढचे सगळे उपचार याच्यानंतर येतात.

साधी पुरळ आणि ही पुरळ ओळखायची कशी? साधी खाजते. ही दुखते. अंगावरून हात फिरवला तरी पेशंट कळवळतो, चादर अंगाला लागली तरी नको म्हणतो. डाग मध्ये काळपट-जांभळे, छातीवर आणि चेहऱ्यावर आधी. ओठांवर रक्ताळलेली खपली. डोळे, तोंड, लघवीची जागा यांपैकी दोन ठिकाणी साल निघालेली असली की शंकेला जागा उरत नाही. लालीवर अंगठ्यानं हलका दाब देऊन सरकवलं तर वरचा पापुद्रा सरकतो, त्याला निकोल्स्कीचं चिन्ह म्हणतात. गावाकडं याला गोवर, कांजिण्या किंवा देवी समजून लिंबाच्या पाल्यावर झोपवतात. भावना समजते. पण पाला ओल्या कातडीला चिकटतो आणि काढताना कातडी घेऊन येतो. आणायचंच असेल तर १०८ ची गाडी बोलवावी, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावं, अंगाला मलम, हळद, तेल काही लावू नये आणि औषधांची पिशवी पेशंटसोबत यावी.

साल किती टक्के गेली यावर नाव ठरतं. अंगाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० हून जास्त असेल तर टेन, मधलं ते दोन्हींचं मिश्रण. मोजायला पेशंटचाच तळहात बोटं जुळवून धरायचा, तो १ टक्का. मोजताना नवशिके लाल झालेला भागही धरतात आणि आकडा दुप्पट होतो. निघालेली आणि दाबल्यावर सरकणारी साल तेवढीच मोजायची. हा आजार अमेरिकेतल्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांवरून नोंदवला, आणि टेनचं वर्णन ॲलन लायल यांनी १९५६ मध्ये केलं. मूळ कारण पुढं उलगडलं. शरीराच्याच मारक टी-पेशी कातडीच्या पेशींना शत्रू समजतात आणि ग्रॅन्युलायसिन नावाच्या प्रथिनानं त्यांना मारतात. कातडी भाजत नाही, वरचा थर जागच्या जागी मरतो.

धोका किती ते पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी 'स्कॉर्टेन' या गुणपत्रकानं काढतात. त्यात सात प्रश्न: वय ४० च्या वर, कॅन्सर, नाडी १२० च्या वर, साल १० टक्क्यांहून जास्त, रक्तातलं युरिया नायट्रोजन २८ च्या वर, साखर २५२ च्या वर, बायकार्बोनेट २० च्या खाली. प्रत्येक 'हो' ला एक गुण. शून्य किंवा एक आला तर मृत्यूची शक्यता सुमारे ३ टक्के, तीनला सुमारे ३५, पाच आणि वर ९०. नातेवाइकांना हा आकडा तसाच सांगावा की नाही यावर दुमत असतं. आमच्या मते सांगावा, पण तिसऱ्या दिवसाचा आकडा हातात आल्यावर.

आता शुश्रूषा. साल गेलेल्या जागेतून पाणी पाझरत राहतं, पण भाजलेल्या पेशंटइतकं नाही. भाजल्याचा फॉर्म्युला लावला तर पाणी जास्त होऊन फुप्फुसांत साचतं. सुरुवातीला वजन, सालीची टक्केवारी आणि २ मिलिलिटर यांचा गुणाकार पुरतो. ५० किलोच्या बाईची २० टक्के साल गेली असेल तर पहिल्या चोवीस तासांसाठी २ × ५० × २० म्हणजे २००० मिलिलिटर. पुढं लघवीवर लक्ष. किलोमागे तासाला अर्धा ते एक मिलिलिटर, म्हणजे याच बाईला तासाला २५ ते ५० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सलाईनची सुई शक्यतो साबूत कातडीत घालायची आणि चिकटपट्टीनं चिकटवायची नाही, मऊ बँडेजनं गुंडाळायची. बीपीच्या पट्ट्याखाली गॉज. ईसीजीची चिकट बटणं काढताना कातडी निघते, म्हणून तीही जपून.

पुस्तकं खोलीचं तापमान २५ ते २८ अंश किंवा थोडं वरच ठेवायला सांगतात, कारण उघड्या अंगातून उष्णता निघून जाते. सोलापुरात मार्च ते मे हा प्रश्नच उलटा असतो. खोली तापवावी लागत नाही; नातेवाईक दया येऊन कूलर आणि पंखा फुल करतात तो बंद ठेवावा लागतो. थेट वाऱ्यानं जखम सुकते, दुखते, पेशंटला हुडहुडी भरते. डिसेंबर-जानेवारीत मात्र हीटर लागतो. पलंगावर लोखंडी कमान ठेवून तिच्यावर चादर टाकायची, म्हणजे अंगाला स्पर्श होत नाही, आणि वर मच्छरदाणी, माश्यांसाठी.

चादरीवरून एक गोष्ट. घरचे प्रेमानं नवीकोरी सोलापुरी चादर आणतात. तिची जाड उठावदार वीण सुकलेल्या पाझरात रुतते आणि कूस बदलताना पाठीची साल घेऊन उठते. तिथं हवं ते धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर किंवा जुनं सुती लुगडं, निर्जंतुक केलेलं. आणि त्याहून चांगलं केळीचं पान. भारतात भाजलेल्या आणि साल गेलेल्या पेशंटसाठी ते वापरलं गेलेलं आहे, कारण पानावरच्या मेणाच्या थराला ओली जखम चिकटत नाही. करमाळा-माढ्याकडं केळी भरपूर, त्यामुळं पान मिळायची अडचण नाही. कोवळं, न फाटलेलं पान घ्यायचं, मधली जाड शीर काढायची, वाहत्या पाण्यात दोन्ही बाजू धुवायच्या, पुसून कापडात सैल गुंडाळी करून ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायचं. बाहेर येतं तेव्हा हिरवा रंग गेलेला असतो, मळकट शेवाळी झालेलं असतं. गार झालं की गुळगुळीत बाजू पाठीकडं करून पलंगावर पसरायचं. ओलं झालं, फाटलं, वास आला की बदलायचं. फाटलेली, वाळलेली पानं, किंवा बाजारातून आणून नुसती पुसलेली, चालत नाहीत. जिथं पान शक्य नाही तिथं व्हॅसलीन गॉज.

फोड फोडून साल कापायची नाही. निर्जंतुक सुईनं आतलं पाणी काढायचं आणि वरचा पापुद्रा तसाच खाली बसू द्यायचा, तोच सगळ्यात स्वस्त ड्रेसिंग असतो. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम इथं वर्ज्य, त्यात सल्फा आहे. कपाटात हाताशी तेच असतं, म्हणून रात्रपाळीत हटकून हीच चूक होते. आम्ही पलंगावर 'सल्फा मलम नको' अशी पाटीच लावतो. संसर्ग होईल या भीतीनं आधीच अँटिबायोटिक सुरू करत नाहीत. आधी जखमेचे आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, आणि अंगावर खरोखर जंतू चढल्याची लक्षणं दिसली की मगच. ताप एकटा पुरावा नाही, या आजारात ताप असतोच. अचानक अंग गार पडणं, लघवी कमी होणं, पेशंट गोंधळून बोलणं, यांना आम्ही जास्त घाबरतो.

तोंडासाठी जेवणाआधी दहा मिनिटं लिग्नोकेनची जेल, ओठांवर दर दोन तासांनी व्हॅसलीन. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी येते. आणणाऱ्याला समजावून परत पाठवावी लागते. ताक, पातळ पेज, नाचणीचं सत्त्व, गार खिमट, हे गिळता येतं. ते जमेना तर नाकातून नळी. सुरुवातीला किलोमागे दिवसाला २० ते २५ कॅलरी लागतात, बरं होताना २५ ते ३०. उपाशी पेशंटची कातडी भरत नाही.

डोळे ही सगळ्यात मोठी काळजी. कातडी महिन्याभरात बहुधा डाग ठेवून भरते, डोळ्यांचं नुकसान जन्मभर राहतं. पापणी आणि बुबुळाचं आवरण एकमेकांना चिकटतं, पापणीचे केस आत वळतात, अश्रू आटतात. त्यामुळं नेत्ररोगतज्ज्ञ पहिल्याच दिवशी आणि मग रोज यायला हवेत. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलावा देणारे थेंब दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा. गुळगुळीत काचेच्या कांडीनं चिकटू पाहणारे पडदे रोज सोडवायचे. डोळ्यांचं जास्त नुकसान दिसत असेल तर गर्भवेष्टनाचा पडदा, म्हणजे ॲम्निऑटिक मेम्ब्रेन, पहिल्या आठवड्यातच लावावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लावलेल्याचा उपयोग फार कमी. सल्फाचे डोळ्याचे थेंब अर्थातच नकोत.

लघवीच्या जागेबद्दल पेशंट बोलत नाही आणि विचारणाराही संकोचतो. बायकांमध्ये योनीमार्ग आतून चिकटून बंद होऊ शकतो. लग्न झालेल्या मुलीला वर्षभरानं शरीरसंबंधात असह्य वेदना होतात तेव्हा तो संबंध या आजाराशी कुणी जोडत नाही. म्हणून महिला डॉक्टरनं रोज पाहावं, मलम लावलेला गॉज आत ठेवावा. पुरुषांत पुढची कातडी चिकटते, तीही मागे सारून पाहायला हवी. लघवीला नळी घालणं बहुतेकांना लागतंच.

औषधांबद्दल एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, दहा दिवसांच्या आसपास देतात. बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत. अडचण अशी की ॲलोप्युरिनॉलच्या पेशंटची किडनी आधीच दुखावलेली असते आणि सायक्लोस्पोरिन स्वतः किडनीवर भार टाकतं. स्टेरॉइड लवकर आणि थोडे दिवस दिलं तर फायदा होतो असं मानणारे खूप आहेत, उशिरा आणि लांबवून दिलं तर संसर्ग वाढतो हे सगळे मानतात. साल निघणं साधारण पाच-सात दिवस पसरत जातं, मग थांबतं. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत नवी कातडी येते. नखं गळून पडतात, ती परत येतात. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर डिस्चार्जनंतर घबराट.

ड्रेसमध्ये पेशंट इतका आजारी दिसतच नाही, हीच फसगत. चेहरा सुजलेला, मानेत गाठी, ताप, अंगभर लाली, साल मात्र निघत नाही. रिपोर्टचं वाचन असं करायचं: सीबीसीत इओसिनोफिलचा नुसता टक्का पाहायचा नाही, एकूण पांढऱ्या पेशींशी गुणून आकडा काढायचा. ७०० च्या वर शंका, १५०० च्या वर जोरदार शंका. सोबत लिव्हरचं एसजीपीटी दुपटीहून जास्त, किंवा क्रिएटिनिन वाढलेलं. ॲलोप्युरिनॉल किडनीवर जास्त जातं, फिटची औषधं लिव्हरवर. छातीत धडधड किंवा दम लागला तर ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हृदयाची रक्ततपासणी, कारण हृदयाला सूज येऊ शकते, तीही पुरळ गेल्यावर. इथं प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करतात आणि ते फार हळू, महिनोन्‌महिने उतरवतात. पेशंट तिसऱ्या आठवड्यात बरा वाटला की स्वतःच गोळी बंद करतो आणि आजार उलटतो. आजारानंतरच्या काही महिन्यांत थायरॉइड बिघडू शकतं, म्हणून टीएसएच दोन-तीन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी तपासावं. थकवा आला की "स्टेरॉइडची वीकनेस" म्हणून सोडून देतात, तो कधी कधी थायरॉइडचा असतो.

ॲनाफिलॅक्सिस या वॉर्डाचा विषय नाही, तो दवाखान्याच्या इंजेक्शनच्या टेबलावर घडतो. इंजेक्शननंतर अंगभर गांधी, घसा आवळणं, दम, चक्कर, उलटी असं एकत्र आलं की पहिलं औषध ॲड्रेनलिन: मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. पेशंट आडवा, पाय वर. सवयीनं आधी एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं जातं आणि दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं परत मिळत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी हातात कार्ड हवं. औषधाचं मूळ नाव, ब्रँड नव्हे. रिॲक्शनचा प्रकार, तारीख. लॅमिनेट करून खिशात, एक फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये. फेनिटॉइनची रिॲक्शन असेल तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फिनोबार्बिटोनही कार्डावर यायला हवेत, त्यांची रचना सारखी असल्यानं एकानं झालं तर दुसऱ्यानंही होऊ शकतं. कोट्रायमोक्साझोलनं झालं म्हणून लघवी सुटायची फ्युरोसेमाइडची गोळी आपोआप वर्ज्य होत नाही. रचनेत सल्फाचं साम्य असलं तरी अँटिबायोटिक सल्फाशी तिचं वैर जुळत नाही. "सगळ्या गोळ्या बंद" असं कार्ड निरुपयोगी, पुढच्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही. "पाहू तरी पुन्हा घेऊन" असा प्रयोग टेन किंवा ड्रेसनंतर कुणीही करू नये. रक्तातल्या जनुकाच्या चाचण्या आहेत, कार्बामाझेपिनसाठी एचएलए-बी १५:०२, ॲलोप्युरिनॉलसाठी ५८:०१, डॅप्सोनसाठी १३:०१. त्या औषध सुरू करण्याआधी उपयोगी पडतात, रिॲक्शन झाल्यावर कमी. आणि निगेटिव्ह आली म्हणजे धोका शून्य असं नाही. सख्ख्या भावंडांना, मुलांना फिटचं औषध लागलं तर डॉक्टरला हे कार्ड आधी दाखवायचं.

शेवटी नोंद. औषधांच्या दुष्परिणामांची देशपातळीवरची नोंद २०१० पासून चालते, आणि २०११ पासून ते काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडं आहे. मेडिकल कॉलेजांत त्याचं केंद्र असतं. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरावर पेशंट किंवा नातेवाईकही सांगू शकतात. कमीत कमी चार गोष्टी लागतात: पेशंटची आद्याक्षरं, रिॲक्शन काय आणि कधी, संशयित औषध, आणि नोंदवणारा कोण. डॉक्टरांनी फॉर्म भरला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, आणि पेशंटचं नाव जाहीर केलं जात नाही. तारखांचा तो तक्ता सोबत जोडला तर केंद्रातल्या माणसाचं काम सोपं होतं. बॅच नंबर असेल तर लिहावा, नसला तरी फॉर्म घेतात.